दुसरी कवडी

परवा सुनेनं माझा शिवणाचा डबा उघडला. शर्टाचं बटण लावायला तिला सुई हवी होती. सुई मिळाली, बटण लागलं, पण डबा काही बंद होईना. मी खाटेवर पेपर वाचत होते, म्हणजे पेपर तोंडासमोर धरून तिच्याकडं बघत होते. तिच्या तळहातावर कवडी होती. मुठीत मावेल न मावेल एवढी मोठी, बदामी रंगाची, पाठीवर तपकिरी रेघोट्या. तिनं ती उलटी करून दातेरी फट बघितली, सुलटी केली, नाकाशी नेऊन वास घेतला. मग भिंतीवरच्या फोटोंकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, आणि कवडी होती तिथं, होती तशी पालथी ठेवून दिली.

ते बघणं मी चांगलं ओळखते. या घरात ते मीच आणलंय.

आमच्या बौद्ध घरांत कवडी म्हणजे नुसती कवडी नसते. गळ्यात कवड्यांची माळ, हातात परडी आणि दारोदार देवीच्या नावानं जोगवा, हे आमच्या पणज्यांच्या वाट्याला आलेलं होतं, आणि त्यात सुखाचं काही नव्हतं. दीक्षा घेतली तेव्हा घराघरांतून देवांचे टाक, परड्या, कवड्या पोत्यात बांधून नदीला दिल्या. त्यानंतर बौद्धाच्या घरात कवडी सापडणं म्हणजे मांजराच्या मिशीला साय सापडणं. मांजरानं काय सांगायचं आणि कुणी ऐकायचं?

माझ्या माहेरी, कोल्हापुरात, ही तपासणी फार कडक होती. आमचे दादा प्राथमिक शाळेत मास्तर. पाहुण्यांच्या घरी गेले की चहाच्या आधी त्यांची नजर कोनाड्यांत फिरून यायची. मी त्यांची थोरली लेक. तीन घरं पलीकडं कुणी उदबत्ती लावली तरी मला तिचा वास यायचा आणि ती कशासाठी लावली असेल याचा संशयही यायचा. पुढं मी डी.एड. झाले, शाळेत लागले, मनगटावर घड्याळ आलं. त्या घड्याळाकडं मी दर पाच मिनिटांनी बघत असे. वेळ बघायला नव्हे, इतरांनी बघावं म्हणून. असं हे शहाणपणाचं गाठोडं लग्न होऊन उचगावात आलं.

घरात आम्ही तिघंच. हे फौंड्रीत कामाला, मी शाळेत, आणि सासूबाई घरी. त्यांना मी आत्ती म्हणायचे. आत्तींना अक्षर येत नव्हतं. पण सबंध वंदना पालीतून तोंडपाठ, कुठं अडखळणं नाही. गावात विहार बांधायला काढला तेव्हा त्यांनी डोक्यावरून विटा वाहिल्या होत्या. जुन्या लुगड्यांच्या वाकळा शिवण्यात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं. आणि त्या फार कमी बोलायच्या. कमी बोलणाऱ्या माणसाचा मला भारी संशय. काहीतरी असल्याशिवाय माणूस गप्प बसेल कसा, असा माझा हिशेब. मी स्वतः कधीच गप्प बसत नव्हते ना.

विहाराचं उद्घाटन जवळ आलं. त्या दिवशी सगळ्यांच्या पुढं उभं राहून त्रिशरण-पंचशील सांगायचा मान महिला मंडळातल्या एका बाईला मिळणार होता. आत्तींचं नाव जो तो घेत होता. त्यांनाही तो मान हवा होता. एवढ्या वर्षांत मी त्यांना काही मागताना ऐकलेलं ते एकदाच. भाकरी थापता थापता म्हणाल्या, "जल्मभर मागनं म्हटलं गं. एकदा म्होरं हुबं ऱ्हाऊन म्हनू दे."

आणि मंडळाची सेक्रेटरी कोण? तर मी. लिहिता-वाचता येणारी, घड्याळवाली.

मंगळवार आणि शुक्रवार मला शाळेत उशीर व्हायचा. कच्च्या मुलांचा जादा तास असायचा. एका शुक्रवारी मुलं सहलीला गेली म्हणून मी लवकर परतले, तर आतल्या खोलीचं दार लावलेलं. आतून आवाज येत होता. सर्र, सर्र. थांबून पुन्हा सर्र. मी दाराच्या फटीला डोळा लावला. याची मला लाज वाटायला हवी होती, वाटली नाही. आत्ती माझ्याकडं पाठ करून मांडी घालून बसल्या होत्या. डोक्यावर पदर. मुठीत काहीतरी धरून मांडीवर घासत होत्या आणि तोंडानं काहीतरी पुटपुटत होत्या. मंत्र! मंगळवार-शुक्रवार! देवीचे वार! मला घाम फुटला. आनंदाचा की भीतीचा, तेव्हा सांगता आलं नसतं. आता सांगते: आनंदाचा.

दुसऱ्या दिवशी त्या पाण्याला गेल्या तशी मी घर धुंडाळलं. ज्वारीच्या डब्यात कोपरापर्यंत हात घातला आणि हाताला पुरचुंडी लागली. पिवळं फडकं. पिवळं म्हणजे भंडारा, दुसरं काय? फडक्यात ही कवडी.

माळेतली कवडी मी बघितली होती. ती बोटाच्या पेराएवढी, पांढरी-पिवळी. ही तिची आजी शोभेल एवढी, आणि पाठीवर चक्क लिहिलेलं. तपकिरी शाईनं, आडव्या-तिडव्या, मोडक्या ओळी. कडेला ठिपके. मधे एक फिकट पट्टा, जणू समास सोडलाय. मी ती उजेडात धरली, तिरकी धरली, आरशासमोरही धरली. अक्षर लागेना. लागत नाही म्हणजे गुप्त आहे, हे तर उघडच होतं.

मग मी जे केलं ते आजवर कुणाला सांगितलेलं नाही. दुरेघी वही घेतली आणि कवडीवरचा सगळा मजकूर ओळीनं उतरवून काढला. आमच्या शाळेत उर्दूचे एक गुरुजी होते. वयस्क, मूळचे रत्नागिरीकडचे. मधल्या सुट्टीत त्यांच्यापुढं वही ठेवली.

"गुरुजी, एवढं वाचून सांगता?"

त्यांनी चष्मा लावला. वही उजवीकडून धरली, डावीकडून धरली, उलटी केली.

"बाई, हे कुणी लिहिलंय?"

"एका पालकांच्या घरी सापडलं." पालक म्हणजे सासू, फार खोटं नव्हतं.

"कशावर?"

"कवडीवर."

गुरुजी इतके हसले की खोकला लागला. "अहो, हे दर्यातल्या गोगलगाईचं लिखाण आहे! आमच्याकडं खडकांत ओहोटीला सापडते ही. पाठीवर असलीच नक्षी घेऊन येते बिचारी. ना उर्दू, ना अरबी. आणि तुम्ही शुद्धलेखनासकट उतरवलंत की."

मी काही हसले नाही. मग ते जरा गंभीर होऊन सांगू लागले. जिवंत असताना ही गोगलगाय कवचाच्या आत नुसती बसून राहत नाही. आपलं मऊ अंग दोन्ही बाजूंनी वर काढते आणि कवचावर पांघरते. म्हणून तर तिची पाठ काचेसारखी गुळगुळीत राहते. कुणाची चाहूल लागली की ते पांघरूण झटकन आत. "म्हणजे बघा," गुरुजी म्हणाले, "बाकीच्या गोगलगाई घरात लपतात. ही घरालाच लपवते."

माझ्या कानात एवढंच राहिलं: लपवते. गुरुजींचे मी आभार मानले आणि मनात म्हटलं, हेही काहीतरी झाकताहेत.

घरी ह्यांना सांगितलं. ते अंघोळीला निघाले होते, खांद्यावर टॉवेल. म्हणाले, "मग आईलाच इचार की."

"विचारलं तर त्या सांगतील का?"

"न्हाई सांगितलं तर गप बस."

दोन्ही गोष्टी मला जमण्यासारख्या नव्हत्या. मी पुरचुंडीच्या गाठीत माझा एक केस अडकवून ठेवला. मंगळवारी संध्याकाळी बघितलं तर केस गायब. झालं, पुरावा!

त्याच आठवड्यात मंडळाची बैठक होती. अध्यक्षबाईंनी आत्तींचं नाव घेतलं, चार-पाच जणींनी माना हलवल्या, आणि मी उभी राहिले. आवाज असा की जणू शाळा तपासायला साहेब आलेत. मी म्हणाले, "मान द्यायच्या आधी प्रत्येकीचं घर बघून घ्यावं असं मला वाटतं. सुरुवात आमच्याच घरापासून करा." आपल्याच सासूचं घर पुढं केलं म्हणून माझ्या निःपक्षपातीपणाचं कौतुक होईल, अशी माझी कल्पना. कौतुक कुणी केलं नाही. सगळ्या आत्तींकडं बघायला लागल्या. आत्तींनी माझ्याकडं बघितलं. मग म्हणाल्या, "या की. च्या ठेवतो."

शुक्रवारी सात-आठ जणी आल्या. आत्तींनी खरंच चहा ठेवला होता. बायका कोनाडे बघितल्यासारखं करून बसल्या. त्यांनाही अवघड वाटत होतं. मला नाही वाटलं. मी सरळ ज्वारीचा डबा पुढं ओढला, हात घातला, पुरचुंडी काढली आणि सगळ्यांसमोर सोडली.

"आगं बया," कुणीतरी म्हणालं. चुलीवर चहा उतू गेला तरी कुणी उठलं नाही.

आत्ती उठल्या. आतल्या खोलीत गेल्या आणि कापडाचा मोठा बोचका उचलून आणला. जमिनीवर उलगडला. निळा, पिवळा, लाल, पांढरा, केशरी. पंचरंगी झेंडा. माणसापेक्षा उंच. शेजारच्या कापडबाजारातल्या दुकानांतून तुकडे गोळा करून हातानं शिवलेला. शेवटचा सहावा पट्टा, ज्यात पाचही रंगांचे तुकडे एकाखाली एक जोडायचे असतात, तो अर्धा राहिला होता. आत्ती खाली बसल्या, माझ्या हातातली कवडी घेतली, शिवणीवर मेणाचा तुकडा फिरवला आणि कवडीच्या पाठीनं जोर लावून घासलं. सर्र. चुरगळलेली शिवण कागदासारखी बसली. इस्त्री आमच्या घरी नव्हतीच. पिवळं फडकं त्याच पट्ट्याचं उरलेलं होतं.

"मंडळ झेंडा इकत आनणार व्हतं," त्या म्हणाल्या. "मला वाटलं, आपल्या हातचा चढावा. ह्यो सावा पट्टा सारखा चुकतोय. रंग इसरू ने म्हून तोंडानं म्हनत बसायचो."

म्हणजे तो मंत्र. निळा, पिवळा, लाल, पांढरा, केशरी.

"मग दार लावून कशाला आत्ती?" माझ्या तोंडून निघालं. "सांगायचं ना मला."

"तू मास्तरीण. चुकल्यालं बघून हसली असतीस."

मी हसले असते. खरं तेच आहे. आणि वर रंगांवर पाठ दिला असता. तेवढ्यात त्यांनी तुकडे पुढं केले. "आता तूच सांग. पांढऱ्याखाली कोन?" माझी अशी गाळण उडालेली, मी म्हणाले, "निळा." सगळ्या बायका एकदम म्हणाल्या, "केशरी!" डी.एड.चं प्रमाणपत्र तिथंच चुलीत घालावंसं वाटलं.

इथं गोष्ट संपायला हवी होती. पण संशयाचं बी एकदा टाकलं की ते टाकणाऱ्याला विचारून उगवत नाही. अध्यक्षबाईंनी कवडी बोटांच्या चिमटीत धरली आणि विचारलं, "ही आली कुठनं?"

"माझा बा गुळाच्या गाड्या घिऊन घाटाखाली बंदरावर जायचा. येताना मीठ, सुकी मासळी आनायचा. एकडाव ही आनली, आईला. वाकळंच्या शिवणी घोटायला."

"तसं असंल. पर देवीच्या परडीत कवडीच असती की."

"परडीत पीठबी असतंय," आत्ती म्हणाल्या. "मंग भाकरी सोडायची व्हय?"

दोघी-तिघी हसल्या. अध्यक्षबाई हसल्या नाहीत. वाईट बाई नव्हती ती. तिच्या आजीच्या गळ्यात माळ होती, हे सगळ्यांना ठाऊक होतं. ती हळू आवाजात म्हणाली, "तुमच्यावर इस्वास हाय, आक्का. पर आज आमी बघितली, उद्या गाव बोलंल. मान पायजे तर ही नदीला गेली पायजे. सेक्रेटरीनं टाकावी आनि मंडळाला सांगावं."

आत्ती झेंड्याकडं बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "एवढा सावा पट्टा हू दे." आणि पुढं, कुणाला उद्देशून ते कळू नये अशा आवाजात, "बाची एवढीच वस्तू हाय."

रविवारी त्यांनी कवडी माझ्या हातात ठेवली. त्याच पिवळ्या फडक्यात. एक अक्षर बोलल्या नाहीत. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

मी बस धरून कोल्हापुरात आले, पंचगंगेच्या घाटावर गेले. कुणी म्हशी धूत होतं, कुणी कपडे आपटत होतं. मी पायरीवर बसले, फडकं सोडलं. माझ्या पदराचं टोक चुरगळलं होतं. सहज कवडी फिरवली त्यावरून. सपाट झालं. म्हटलं, बघा, मी हिचं लिखाण वाचायला अख्खी शाळा धुंडाळली आणि ही फक्त एवढंच म्हणत होती.

टाकवेना. पण माझा स्वभाव कुठं जातो? मनात आलं, अध्यक्षबाईंनी माझ्या मागावर कुणीतरी धाडली असणार. मी तिच्या जागी असते तर नक्की धाडली असती. तीन पायऱ्या खाली एक बाई उगाचच एकच परकर पिळत होती. मी कवडी हळूच कनवटीला खोचली, पायरीखालचा तेवढाच गोटा उचलून फडक्यात बांधला, उभी राहिले आणि सगळ्या घाटाला दिसेल असा भिरकावला. डुबुक! म्हशीनंसुद्धा मान वळवली. मंडळात जाऊन सांगितलं, "टाकली." वहीत तसं लिहिलंही, आणि खाली सही केली.

उद्घाटनाला झेंडा चढला. आत्तींचा. वाऱ्यावर उलगडला तेव्हा एक शिवण वाकडी नव्हती. खाली आत्ती पांढऱ्या साडीत, सगळ्यांच्या पुढं, हात जोडून उभ्या. त्यांनी सांगायचं, गावानं मागून म्हणायचं. आवाज सुरुवातीला कापला, मग असा लागला की रस्त्यावरची माणसंही थांबली. पहिलं शील झालं, दुसरं, तिसरं. चौथं आलं, खोटं न बोलण्याचं. "मुसावादा वेरमणी" म्हणायच्या आधी त्या थांबल्या. मान वळवली, एवढ्या गर्दीत मला शोधलं आणि माझ्याकडं बघत ते म्हणाल्या. मीही म्हणाले, मोठ्यांदा, हात जोडून. कवडी कनवटीला टोचत होती.

त्यांना कुणी सांगितलं? परकर पिळणारीनं? की मी दमून घरी आले तेव्हा माझ्या चेहऱ्यावरच लिहिलेलं होतं? मला अजून ठाऊक नाही. ठाऊक नसलेल्या गोष्टी मला अजून झोपू देत नाहीत.

त्या संध्याकाळी मी कवडी काढून त्यांच्यापुढं धरली.

त्यांनी हात पुढं केला नाही. "टाकली म्हनालीस की."

"व्हय, टाकली."

"मंग ही कुटली?"

माझं डोकं तसं जलद चालतं, पण गरजेच्या वेळी नाही. म्हणाले, "ही दुसरी."

आत्तींनी कवडी घेतली. अंगठ्यानं तिची पाठ पुसली. "बरं. दुसरी तर दुसरी." आणि तोंडाला पदर लावला. त्यांना हसताना मी बघितलं ते पहिल्यांदाच. खांदे हलत होते.

तेव्हापासून तिचं नावच दुसरी. "दुसरी दे गं हिकडं," म्हणून त्या हाक मारायच्या. माझ्या तिन्ही बाळांच्या वाकळा दुसरीनं घोटल्या. आत्ती गेल्या त्याला आता पुष्कळ वर्षं झाली, पण त्यांच्याबद्दलचा माझा एक संशय काही गेलेला नाही. माझा जादा तास असायचा म्हणून मंगळवार-शुक्रवार, हे पटतं. पण शेवटच्या दुखण्यात मी घरीच असायचे, तरी त्या दुसरी मागायच्या ती मंगळवारी आणि शुक्रवारीच. हाताला वारांची सवय झाली असेल. असेलच. विचारायला हवं होतं, आणि बरं झालं विचारलं नाही.

परवा दुपारी मग सुनेनं राहवेना म्हणून विचारलंच. थेट नाही, भाजी निवडत, देठांकडं बघत.

"आई, तुमच्या डब्यात ती कवडी कुठली हो?"

"ती होय? ती दुसरी."

देठ मोडायचा थांबला. "आणि पहिली?"

"पहिली पंचगंगेत टाकली," मी म्हणाले. "मंडळाच्या वहीत लिहिलंय, बघ हवं तर. खाली माझी सही आहे."

तिनं पुढचा देठ मोडला. पण उद्या मंगळवार आहे, नातवाच्या वाकळेची एक शिवण घोटायची राहिलीय, आणि दार जरासं लोटून घ्यायचा माझा विचार आहे.